टेकूंवरचं घर

ठाण्यात कोपरीच्या अंगाला माझ्या मामांचं एक जुनं घर होतं. मामा कायमचे कोकणात गावी राहायला गेले, तेव्हा त्यांनी ते माझ्या हवाली केलं. "पडायच्या आत राहायला जा," एवढंच म्हणाले. मधली बरीच वर्षं तिथं एका व्यापाऱ्याचं मिठाचं कोठार होतं आणि ते मीठ भिंतींत पार मुरलं होतं. चुना लावावा, तर थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे सुटत. कोपऱ्यातली माती जिभेला खारट लागायची; मी चाखून पाहिली होती.

मी तेव्हा मराठी शाळेत मास्तर होतो. थोरल्या भावाच्या बिऱ्हाडात आम्हा नवराबायकोला एक खोली होती आणि तिच्यातच सगळ्या घराचं धान्य भरलेलं असे. बायको पहिल्या बाळंतपणासाठी कल्याणला माहेरी निघाली, तेव्हा दाराशी थांबून म्हणाली, "मी परत येईन ती आपल्या घरी. इथं नाही." तिनं तोवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

शाळा सुटली की मी धोतर खोचून कोपरीला जायचो. खारट गिलावा खरवडून काढला. नवी माती आणवली, तिच्यात भाताचं तूस घातलं आणि पायांनी तुडवली. शाळेतली पोरं कुंपणावरून बघायची. शेजारचे गृहस्थ रोज विचारायचे, "मास्तर, आज कुठला धडा?" गिलावा मला जमला. कौलं उतरवून, धुऊन पुन्हा चढवणंही जमलं. लाकूडकाम मात्र माझ्या हातचं नव्हतं, म्हणून खाडीकाठच्या गावातला एक सुतार बोलावला. उंच, काटक आणि तोंडानं फटकळ माणूस. आल्या आल्या त्यानं माजघरातल्या मधल्या खांबावर पटाशी ठेवून एक ठोका दिला. पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

"बगा मास्तर," तो म्हणाला. "ह्यो खांब नाय, नुसती साल हाय. आतलं सगलं वालवीनं खाल्लंय."

त्या खांबावर घराची मोठी तुळई टेकलेली होती. म्हणजे सगळं छप्परच. इतके दिवस मी त्याच खांबाला पाठ टेकून भाकरी खात होतो.

कल्याणच्या वखारीतून सागाचा नवा खांब पडावातून खाडीनं आला. सुतारानं मापं घेतली आणि तो कापला. मग तुळईच्या खाली दोन्ही बाजूंना जाड टेकू उभे केले, त्यांच्या बुडाशी पाचरी ठोकल्या, तुळई वर उचलली आणि जुना खांब ओढून काढला. इथवर सगळं ठीक झालं. नवा खांब उभा केला, तर त्याचं डोकं आणि तुळई यांच्यामध्ये दोन बोटं फट!

"आखूड कापलात तुम्ही," मी म्हणालो.

"खांब आखूड नाय. तुमचं घर उंच झालं."

तो म्हणत होता ते खरंच होतं. तुळई वर्षानुवर्षं खाली दबली होती. टेकूंनी उचलल्यावर ती आपल्या जागी गेली. पण मापं त्यानं उचलायच्या आधी घेतली होती, हे काही तो कबूल करेना. आमची चांगलीच जुंपली. आवाज चढले आणि तेवढ्यात दाराशी बैलगाडी थांबली.

गाडीतून बायको उतरली, मागून तिचा भाऊ. मी मातीनं माखलेला, तसाच पुढे झालो. तिच्या वहिनीचेही दिवस भरत आले होते आणि एका छपराखाली दोन बाळंतपणं नकोत असं माहेरच्या वडीलधाऱ्या बायकांनी ठरवलं होतं. सुनेला तर हलवता येत नाही, म्हणून लेकीला पाठवलं.

तिनं माजघराकडे पाहिलं. दोन टेकू, मध्ये अधांतरी वाटणारा खांब, सगळीकडे भुसा.

"हेच ना आपलं घर?" ती म्हणाली.

"हेच. पण अजून..."

"मला जरा बसू द्या आधी. गाडीत फार हिसके बसले."

ती बसली ती उठलीच नाही. दुपार कलायच्या आत तिला कळा सुरू झाल्या. मेहुणा धावत जाऊन सुईणीला घेऊन आला. मी शेजाऱ्यांकडे गेलो, पण बाळंतपण म्हणजे घराला सोयर, दहा दिवसांचा विटाळ, आणि त्यांच्याकडे त्याच आठवड्यात मुंज होती. त्यांनी गरम पाणी, जुनी लुगडी, शेगडी, सगळं दिलं. जागा तेवढी देता येईना. त्यांना तरी काय म्हणणार? सुईण तर तिला उंबऱ्याबाहेर न्यायलाच तयार नव्हती. माजघराला लागून आतली खोली होती, तिथं तिनं बायकोला निजवलं. त्या खोलीवरूनही तीच तुळई गेली होती.

सुतार हत्यारं गोळा करत होता. मला वाटलं, भांडणाच्या रागानं निघाला. मी त्याची वाट अडवली.

"मिस्त्री, आता जाऊ नका."

"जातो कुठं?" तो खेकसला. "करवत काडतोय. खांबाचा कापलेला तुकडा कुठं टाकलात?"

त्या तुकड्याची त्यानं एक जाड चकती कापली. ती खांबाच्या डोक्यावर, फटीत ठोकून बसवायची होती. पहिलाच ठोका पडला आणि आतून सुईण ओरडली, "अरे मेल्यांनो, माती पडतेय इथं!" तिनं शेजारणीचं लुगडं बायकोवर चांदव्यासारखं धरलं होतं. सुतार थांबला. माझ्याकडे बघू लागला.

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. धापा टाकत, पण स्पष्ट. "ठोका तुम्ही! पण लवकर ठोका!"

तो ठोकू लागला. चकती अर्धी आत गेली असेल नसेल, एका टेकूचं बूड जमिनीत रुतायला लागलं. ती जमीन मीच चार दिवसांपूर्वी केलेली, अजून आतून ओली होती. तुळई करकरली. मी आणि मेहुण्यानं त्या टेकूला खांदे दिले. आमच्या दोघांच्या खांद्यांनी छप्पर काय थांबणार होतं, पण दुसरं करणार काय? मी डोळे मिटून घेतले. ठोक, ठोक, ठोक. मग एक वेगळाच आवाज झाला, बद्द असा. सुतार म्हणाला, "बसला." त्यानं हातोड्यानं टेकूच्या पाचरी सैल केल्या तरी मी खांदा काढीना, तेव्हा त्यानं मला दंडाला धरून ओढलं. "मास्तर, सोडा आता. खांबानं घेतलाय भार."

मी डोळे उघडले. घर उभं होतं. एक कौलसुद्धा घसरलं नव्हतं.

मूल झालं ते दिवेलागणीच्या सुमारास. मुलगी. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग ती अशी काही रडली, की ओट्यावर बसलेला सुतार मोठ्यानं हसला. सुईण दारात येऊन म्हणाली, "दोघी धड आहेत," आणि मी तिथंच भुशात बसकण मारली. रडू येत होतं की हसू, मलाच कळत नव्हतं. मेहुणा हातात रिकामा तांब्या घेऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

सुतार निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "मघाशी मी फार बोललो तुम्हाला."

"मी काय कमी बोललो?" तो म्हणाला आणि खांबाला खालपासून वरपर्यंत हात लावून पाहिला. "भायेरचं दार उद्या बशिवतो. पोरीला वारा लागू देऊ नका."

शेजारणीनं रांधलेला मऊ भात आला. मी आणि मेहुणा पानावर बसलो, पण मला दोन घासही जाईनात. आतल्या खोलीत शेगडी पेटली होती आणि दाराच्या फटीतून ओव्याचा धूर येत होता. मी फटीपाशी जाऊन हलकेच विचारलं, "अगं, बरं वाटतंय ना?"

"बरं आहे," ती म्हणाली. "ती झोपलीय. तुम्ही पाय धुतलेत का?"

नव्हते धुतले. मी विहिरीवर गेलो, तोंड धुतलं, गुडघ्यापर्यंतची माती घासून घासून काढली आणि पाण्याचा हात डोक्यावरून फिरवून पुन्हा त्या फटीपाशी येऊन बसलो.