उतरणसर

पार्कूरच्या क्लासात पहिले दोन महिने एकही उडी न शिकवणारा माणूस मी एकच पाहिला. भिंती ओलांडायच्या, उंचावरून झेप घ्यायची, या आशेने महाडमधली पोरं त्यांच्याकडे नाव घालायची आणि हे त्यांना नुसतं उतरायला शिकवायचे. आधी पायरीवरून, मग बाकावरून, मग लाकडी खोक्यावरून. पोरांनी त्यांचं नाव 'उतरणसर' ठेवलं. ते कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "बरं नाव हाय. चढणसर म्हटलं असतं तर लाज वाटली असती."

सर मूळचे डोंगरातल्या कुडपण गावचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर कामाला होते. त्याआधी मुंबईत चार वर्षं काढली, तिथे हा प्रकार शिकून आले. पहिली पाळी सुटली की मोटारसायकलवरून थेट हॉलवर हजर. हॉल एका संस्थेने वापरायला दिलेला, आणि गाद्या म्हणजे गोणपाटात ठासून भरलेला भाताचा पेंढा. मी शाळेत पीटी शिकवते, म्हणून मदतीला जाऊ लागले. माझा आवाज मोठा आणि धीर लहान. आमचं जमण्यासारखं काही नव्हतंच.

मूल कसं उतरलं हे सर बघत नसत. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि ऐकायचे. 'धप्प' झालं की मागे न वळता म्हणायचे, "परत." आवाज आला नाही तरच वळायचे. "आमच्याकडं भारा घेऊन डोंगर चढताना दम जातो, उतरताना पाय जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दारात उभे असलेले पालक कुजबुजायचे, की एवढं तर आमची पोरं आंब्यावरून उतरताना शिकतात. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

अखेर पहिल्या उडीचा दिवस उजाडला. दोन खोकी शेजारी शेजारी, समोर एकच गादी. मोजायचं काम माझ्याकडे. मी आपली सवयीप्रमाणे म्हणाले, "एक, दोन, साडेमाडे तीन." एका पोरीने 'साडेमाडे'वरच उडी टाकली. दुसरी 'तीन'ला थांबली होती, ती पहिलीच्या अंगावर जाऊन पडली. पहिलीचं मनगट मोडलं. घाबरल्यावर मी ओरडते, तशी त्या दोघींवरच ओरडले, की कान कुठे असतात तुमचे. सरांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मोजलं तुम्ही. उडी तर त्यांची व्हती." मला ते भारी झोंबलं. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्यानंतर क्लासात मोजणं बंद झालं, टाळ्या बंद झाल्या, माझी शिट्टीही घरी राहिली. ज्याची उडी त्याने आपल्या मनात मोजायची. शिवाय सरांनी एक शब्द ठरवून दिला: 'उतरतो', मुलींनी 'उतरते'. वर उभं राहून तो म्हटला की मुकाट खाली यायचं आणि 'का' असं कुणीही विचारायचं नाही. विचारणारा त्या दिवसापुरता बाहेर. मला वाटलं, आता सगळीच पोरं उतरत बसणार. झालं उलटंच. जी खोक्याजवळ जायला रडायची, तीसुद्धा वर चढू लागली. परतीची वाट मोकळी असल्यावर भीती कशाची?

अशात संस्थेचा निरोप आला. हॉल समारंभांना द्यायचा विचार आहे. एकदा प्रात्यक्षिक करा, लोकांना आवडलं तर क्लास राहील, नाहीतर नाही. चाळीस पोरांचा क्लास त्या एका संध्याकाळवर येऊन ठेपला. महिनाभर मला नीट झोप नव्हती.

प्रात्यक्षिकाला हॉल खच्चून भरला. सगळं छान चाललं होतं. शेवटी सेजल उंच भिंतीवर चढली. पोलादपूरहून एसटीने येणारी ही मुलगी आमच्यात सगळ्यात तयारीची. समोर दुसरी भिंत, मधे पुरुषभर अंतर. ती उभी राहिली आणि गर्दीतून कुणीतरी सुरुवात केली, "एक..." सगळा हॉल म्हणाला, "दोन..." संस्थेचे अध्यक्षसुद्धा हसत हसत मोजायला लागले. तिचे वडील मोबाइल उंच धरून ओरडत होते, "मार गो सेजल, मार." आणि लपवत नाही, मोजणाऱ्यांत मीही होते.

सेजलचे गुडघे वाकले, परत सरळ झाले. लोकांनी 'साडेमाडे' लांबवत नेलं. तिने सरांकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार? सर धावत दोन भिंतींच्या मधे जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. हॉल एकदम गप्प झाला.

"सर, उतरते," सेजल म्हणाली.

"उतर गो."

ती खाली आली. वडिलांनी मोबाइल खिशात घातला. अध्यक्षांनी शेजारच्याला विचारलं, "एवढंच होतं का?" दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा करण्याचा निरोप आला.

गोणपाटांतला पेंढा उपसताना मी सरांशी भांडले. "तिला जमली नसती का ती उडी?"

"जमली असती. रोज मारते ती."

"मग? एका उडीने चाळीस पोरांचा क्लास वाचला असता."

"तिनं उतरते म्हटलं ना, बाई." पेंढा उपसता उपसताच पुढे म्हणाले, "मोठेपणी कुठंतरी 'नको' म्हणायची येळ येल तिच्यावर. तवा तिला वाटाय नको, की ऐकणारं कोण नसतं."

मी पुढचं गोणपाट ओढलं. पटलं नव्हतं असं नाही, पण हरल्याचा राग होता आणि तो काढायला समोर तेच होते.

दोन महिन्यांनी त्यांची गुजरातकडे बदली झाली. जायच्या दिवशी निरोप घ्यायला ते शाळेत आले. मी शिपायाकडून कळवलं, की बाईंचा तास चालू आहे. ते फाटकाशी बराच वेळ थांबले. मग मोटारसायकल सुरू केली आणि गेले.

माझा तास नव्हता. मी खिडकीतून बघत होते.