लोकर काय, कोणाचीही चालते

आत्याच्या पोटात दुखायला दरवर्षी थंडीच्या तोंडावर सुरुवात व्हायची. डॉक्टरला दाखवण्यातलं ते दुखणं नव्हतं. कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानाची काच पुसली जायची, आत लाकडी धडावर त्या वर्षीचा सगळ्यात सुंदर स्वेटर चढायचा आणि पायाशी पुठ्ठ्याची पाटी लागायची. पाटीवर गेली अकरा वर्षं एकच मजकूर: ‘विणकाम – माई’. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबायच्या, काचेला नाक लावायच्या आणि म्हणायच्या, माईंच्या हातात काहीतरी आहेच बाई. आत्या पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि पलीकडच्या फुटपाथने घरी यायची.

माई ही आत्याची भावजय. भाऊ गेल्यापासून घरात या दोघीच. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून माई विणायची, मागच्या खोलीत आत्या लोकर कातायची. माईच्या सुईवर क्वचित दुकानची लोकर चढायची, बाकी सगळी आत्याच्या चरख्यावरून उतरलेली असायची. हे घरातल्या भिंतींना ठाऊक होतं. बाकी कोणाला ठाऊक नव्हतं, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं.

आणि काम काय थोडं होतं? मेंढ्या पाळणारा वर्षातून दोनदा पोतंभर कच्ची लोकर आणून टाकायचा. पोतं उघडलं की घरभर मेंढीचा वास. माई भराभर खिडक्या उघडायची, आत्या मात्र नाक भरून वास घ्यायची. मग काटे आणि कुसळं वेचायची, कोमट पाण्यात तीनदा बुडवायची, पण चोळायचं नाही, चोळली की गोळा झालाच. वाळली की दातेरी ब्रशांनी पिंजायची, हलके पेळू वळायचे आणि मग पायाने चालवायचा तो जुना चरखा. त्याचा पट्टा शिलाई मशीनचा होता आणि पायटा इतका झिजलेला की आत्याची टाच त्यात आपोआप बसायची. आधी एक धागा, मग दुसरा, मग दोन्ही उलट दिशेने एकमेकांवर वळायचे. शेवटी धाग्याची सैल लड करून ती पाण्यात भिजवून सावलीत दोरीवर टांगायची, तीही मोकळी, वजन न बांधता. ओली लड स्वतःभोवती गिरकी न घेता सरळ लोंबली की पीळ जुळला. अशी लड लोंबताना बघणं हे आत्याचं सगळ्यात आवडतं काम होतं. त्याला प्रेक्षक ती एकटीच.

विणणं मात्र तिला कधी जमलं नाही. दोन सुया हातात आल्या की तिची बोटं आपसातच भांडायला लागायची.

भेटवस्तूंचं तर विचारूच नका. माईची लेक परगावाहून आली की आईसाठी काय काय आणायची. बांबूच्या गुळगुळीत सुयांचा अख्खा संच, कापडी घडीत प्रत्येकीला वेगळा कप्पा. गुंडा पळू नये म्हणून कडेला खाच असलेलं चिनी मातीचं भांडं. टाके मोजायच्या रंगीत कड्या, चांदीची शाल-पिन, करकोच्याच्या आकाराची इवलीशी कात्री. आणि आत्यासाठी? हाताला लावायचं मलम. पाच वर्षांत पाच ट्यूब. “आत्या, तुझे हात किती खरखरीत झालेत गं,” असं वर ऐकवायची. आत्या तोंडदेखलं हसायची, ट्यूब कपाटात टाकायची आणि पुढचे चार दिवस त्या कात्रीकडे डोळा वर करून बघायची नाही. एकदा माई देवदर्शनाला म्हणून बाहेर पडल्यावर तिने ती कात्री घेऊन पोत्याची सुतळी कापली. तेवढ्याने जरा बरं वाटलं.

यंदा मात्र आत्याने मनाचा हिय्या केला. दोघी दुकानात गेल्या होत्या, माई बटणं निवडत होती. आत्या दुकानवालीला अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाली, “या वर्षी पाटीवर लोकर कोणाची तेही लिहा की.”

दुकानवाली हसली. बाई स्वभावाने वाईट नव्हती, नुसती बोलून मोकळी होणारी. “अहो आत्या, लोकर काय, कोणाचीही चालते. हात महत्त्वाचा. माईंना सुतळी दिली तरी त्या तिचं सोनं करतील.”

आत्याने माईकडे पाहिलं. माईला ऐकू गेलं होतं, तिचा बटणातला हात थांबला होता. मग ती म्हणाली, “ही तपकिरी सहा द्या.”

बस, एवढंच. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानवाली परकी, तिला काय कळतंय? पण जिच्या सुईला तीस वर्षं आपण धागा पुरवला, तिला एक शब्द खर्चता आला नाही. कोणाचीही चालते काय, बघूच, असं म्हणतच आत्या घरी पोचली.

तिने केलं ते एखादा कातणाराच करू शकतो. राखाडी लोकरीच्या सहा लडी तिने नेहमीसारख्या कातल्या, पण दोन धागे एकमेकांवर वळताना पीळ दिला हवा त्याच्या दीडपट. असा धागा विणला की कापड सरळ राहत नाही, एका अंगाला कलतं. आता इतका पीळ लपत नाही, लड दोरीवर गिरक्या घ्यायला लागते. म्हणून आत्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ओल्या लडींना खाली विटा बांधल्या. वजनाखाली वाळलेला धागा गरीब गायीसारखा दिसतो. त्याचा पीळ नुसता झोपलेला असतो. स्वेटर विणून पहिल्यांदा पाण्यात गेला की जागा होणार, आणि माईचं ते सोनं तिच्या डोळ्यांदेखत तिरकं होणार.

एरवी माई दुकानच्या लोकरीचा तळहाताएवढा नमुना विणायची, धुऊन बघायची आणि मगच कामाला लागायची. आत्याच्या लोकरीचा नमुना मात्र तिने कधी विणला नव्हता. “वन्संच्या लोकरीला नमुना कशाला,” असं ती सून म्हणून नवीन असतानाच म्हणाली होती. आत्याचा सगळा बेत त्या एका वाक्यावर उभा होता. ते आठवलं की तिला कसंसंच व्हायचं. पण मग काचेतली पाटी आठवायची आणि तिचं मन पुन्हा घट्ट व्हायचं.

माईने लडी घेतल्या, गुंडे केले, त्या नखरेल भांड्यात ठेवले आणि टाके घातले. पाण्याचा पेला घ्यायचं निमित्त करून आत्या दिवसातून दहा वेळा पुढच्या खोलीत जायची. दुसऱ्या दिवशी बघते तर माईने विणलेलं सगळं उसवलेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात, पण या वेळी वीण वेगळी, एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्याच्या उलट. सगळीकडे बारीक दाणे उठलेले.

“हे काय नवीन?” आत्याने विचारलं.

“सुचलं आपलं,” माई म्हणाली.

स्वेटर धुवायच्या दिवशी आत्या मोरीच्या दारातून हलली नाही. माईने तो पाण्यातून काढला, टॉवेलात गुंडाळून दाबला, टेबलावर पसरला. आत्या वाट बघत राहिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. स्वेटर सुतासारखा सरळ. कलायचं राहिलं बाजूला, त्या जास्तीच्या पिळाने एकेक दाणा असा टचटचीत उठून आला होता की बघत राहावं.

चार दिवसांत तो काचेत लागला. यंदा बायका दुकानाच्या आत शिरायला लागल्या. पाटी तीच. दुकानवाली येईल त्याला सांगत होती, माईंनी या वर्षी कमालच केली. आत्या घरी आली, चरख्यापाशी बसली आणि तिला रडू कोसळलं. वाईट करायला गेले तेही हिच्याच पदरात पडावं, या विचाराने तिचा जीव जळत होता. केलेल्या गोष्टीची लाज वाटायला अजून सवड मिळाली नव्हती.

तेवढ्यात माई दारात आली. मागच्या खोलीत ती सहसा येत नसे. तिने आत्याच्या मांडीवर राखाडी विणीचा एक तळहाताएवढा तुकडा ठेवला. चौकोन म्हणून विणलेला, पण कोणीतरी कोपरा धरून ओढल्यासारखा साफ तिरका.

“तुमच्या लोकरीचा नमुना,” माई म्हणाली. “साध्या विणीत केला आणि धुतला.”

आत्याने डोळे पुसले. “हात चुकला असेल. वय झालं आता.”

“तुमचा हात चुकलेला मला कळतो, वन्सं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी दोन लडी जाडबारीक आल्या होत्या. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हिरव्या लोकरीत कुसळं राहिली होती. हे तसं नाही. सहाच्या सहा लडींना सारखाच जास्तीचा पीळ. इतकं नेटकं कोणी चुकत नाही.”

आत्याने तुकडा उलटून पाहिला. हिरव्या लोकरीत कुसळं राहिली होती, हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. तीस वर्षांत तिने कातलेल्या धाग्याचा हात न् हात कोणीतरी बोटांनी वाचत आलं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे ही. इतकी वर्षं ज्या एका माणसाला तिने पाण्यात पाहिलं, नेमकं तेच.

“केव्हा कळलं तुला?”

“पहिल्याच ओळीत. बोटाभोवती वळवळायला लागला धागा. म्हणून वीण बदलली. सुलट-उलट टाके शेजारी आले की एकमेकांना धरून ठेवतात, कापड कलत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“दुकानात तरी मी कुठे बोलले?” माई पेळूंच्या टोपलीशेजारी खाली बसली. “तुम्हाला वाटलं असेल, मला सुचलं नाही. सुचलं होतं. पण तुमचं नाव लागलं असतं तर लोकांनी आधी लोकरीला हात लावला असता आणि मग विणीकडे बघितलं असतं. माझा टाका कुठे सैल पडला तर तुमची लोकर फुगून भरून काढते, हे मला माहितीये. ते लोकांना कळलं की मी कोण? मला नको होतं ते. अकरा वर्षं नको होतं.”

इथे आत्याने भावजयीला जवळ घेतलं, असं सांगायला आवडलं असतं. पण आत्याच्या मनात सगळ्यात आधी आला तो निव्वळ आनंद. ही माझ्यावर जळत होती. बांबूच्या सुया, चांदीची पिन, खाचेचं भांडं सगळं असून माझ्यावर. आपल्यावरही कोणी जळू शकतं, ही गोष्ट इतकी गोड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पुष्कळ वेळ ती त्या गोडव्यात बसून राहिली. मग मांडीवरचा तिरका तुकडा दिसला, आणि इतके दिवस सवड न मिळालेली लाज एकदम येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी माई एकटीच दुकानात जाऊन आली. तिसऱ्या दिवशी दोघी गेल्या, तेव्हा काचेत नवी पाटी होती. ‘विणकाम – माई. लोकर – आत्या.’ आत्याची ओळ खाली होती आणि अक्षर जरा बारीक होतं, हे आत्याला रस्त्याच्या पलीकडूनच दिसलं. अकरा वर्षं हवं होतं ते नाव अखेर लागलं होतं, आणि लागलं होतं ते तिने आयुष्यात खोटेपणाने कातलेल्या एकमेव लोकरीवर.

आत एक गिऱ्हाईक बाई स्वेटरची बाही चिमटीत धरून उभी होती. “काय पीळ आहे हो,” ती म्हणाली, “बोटाला लागतो. मला अशीच लोकर हवी.”

दुकानवाली आत्याकडे वळली. “ऐकलंत ना? अगदी अशीच कातून द्या यांना.”

आत्याने बाहीकडे पाहिलं. एकेक दाणा तिच्याकडे बघत होता. “अशी पुन्हा होणार नाही,” ती म्हणाली.

“बघा,” दुकानवाली गिऱ्हाइकाला म्हणाली, “नाव लागून दोन दिवस नाही झाले, लगेच भाव खायला लागल्या.”

माई बटणांच्या खणात डोकं खुपसून उभी होती. तिने मान वर केली नाही.

दोघी घराच्या वाटेला लागल्या. मग आत्या म्हणाली, “यापुढे नमुना विणून बघत जा. माझ्या लोकरीचासुद्धा.”

“नाही विणणार,” माई म्हणाली.

आत्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरी गेल्यावर तिने आधी विटा अंगणात नेऊन टाकल्या, मग नवं पोतं उघडलं. पुढच्या खोलीत माई खिडक्या उघडत होती.