नाखवांची राहिलेली पंगत

जन्मभर मासे धरणारा माणूस मासा तोंडाला लावत नाही, हे भाटघरात कुणाला पटत नसे. धर्मा नाखवा पहाटे धरणातून रोहू, कटला काढत, भोरच्या बाजाराला धाडत आणि घरी येऊन पिठलं-भाकरी खात. गळ्यात माळ नव्हती, तरी लोकांनी त्यांना माळकरी ठरवून टाकलं होतं. तेही कुणाचं म्हणणं खोडून काढत नसत.

मी भोरला कचेरीत नोकरीला. रविवारी त्यांच्या होडीत जाऊन बसायचा मला नाद होता. आता ते नाहीत आणि होडी काठाला पालथी पडली आहे. धुक्यात काठ दिसेनासा झाला, की नाखवा वल्हं आडवं ठेवत आणि घाटाखालच्या आपल्या कोळीवाडीबद्दल बोलू लागत. चाळीस वर्षांत बोली आमची झाली होती, मन तिकडंच होतं. सगळ्या घरांची दारं समुद्राकडं, दोरीवर वाळणारे बोंबील. होडीत हुकूम नाखव्याचा, पण मासळी वाळूला लागली की ती बाईची. भाव ती करणार, पुरुषानं मधे तोंड घालायचं नाही. "समुद्र देतो," ते म्हणत, "पर सांगून देत न्हाई." ऐकता ऐकता मला धरणाच्या गोड्या पाण्याला खारा वास येऊ लागे. हसू नका, खरंच येई.

अशाच एका सकाळी त्यांनी मासा न खाण्याचं कारण सांगितलं. वाडीचा रिवाज असा, की एखादी होडी परतली नाही, तर ती येईपर्यंत कुणी मासा खायचा नाही. आशा संपली की जाणती माणसं सगळ्यांना पंगतीला बसवत आणि मासळीचं कालवण वाढत. जेवलं, की गेलेला गेला. नाखवांच्या थोरल्या भावाची होडी अशीच आली नाही. पंगत बसली, आणि हे पानावरून उठून वरंधा घाट चढून आले ते आलेच.

"म्या जेवलो असतो, तर दादा बुडाला असता," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. त्यांना न विचारता मी वाडीला निरोप धाडला, की नाखवा अजून मासा खात नाहीत. आगाऊपणा माझाच. माघात एक दिवस त्यांच्या वहिनी एसटीनं आल्या. सत्तरी उलटलेली, काटक बाई. नाखवा पाया पडले. वहिनींनी सकाळचाच मासा मागून घेतला, कालवण केलं आणि तीन पानं वाढली, त्यातलं एक माझं. नाखवा पाण्याकडं तोंड करून बसून राहिले.

"भावजी, घरातलं एक माणूस उठलं, की पंगत मोडते," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमी उठलात, तवापासून मीबी मासा खाल्ला नाय. नुसता विकला."

नाखवा पाण्याकडून वळले. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी घाट उतरलात कुठं?"

ते उठून पानावर येऊन बसले. पहिला घास त्यांनी तोंडात नुसताच धरला, मग डोळे मिटून गिळला.

"वहिनी, दादा गेला," ते म्हणाले. "जेवा आता."

वहिनींनी घास घेतला आणि चाळीस वर्षं राहून गेलेलं रडू त्यांना तेव्हा आलं. नाखवा रडले नाहीत. ते वहिनींच्या पानात वाढत राहिले.