आबाजींच्या दुर्वा अन् माझं औषध

आता मी जे सांगून राह्यली ते ऐकून तुमच्या हातचा चहा सांडेल, म्हणून कप आधी खाली ठेवा. हसू बी येईल, पण त्या दिवशी माझा जीव कसा गेलता ते माझं मले माहीत.

लॉनच्या बाबतीत लोक काय काय चुका करते त्या मले पाठ आहे. भर उन्हात युरिया फेकते, पार मुळापर्यंत कापते, पाऊस चालू असताना नळी सोडून ठेवते. यातली एकही चूक मी केली नाई. मी जे केलं ते करायले शेतकऱ्याच्याच घरी जन्म घ्यावा लागते.

पुलगावले आमच्या घरापुढं छोटंसं लॉन आहे. माझं नाई, आमच्या ह्यांचं. ऑफिसातून आले की आधी त्याच्यावर अनवाणी फिरते, मग घरात येते. मी चहा घेऊन दारात उभी, अन् हे गवतावर हात फिरवत बसलेले. माझ्या डोक्यावरून असा हात कधी फिरला नाई, पण जाऊ द्या.

यंदा पावसाळ्यात त्या लॉनमधे दुसरंच जाडं गवत माजलं. हे रविवारी वाकून वाकून उपटत, अन् सोमवारी कंबर धरून ऑफिसात जात. मले दया आली. वडनेरले माहेरी गेली तेव्हा भावाले विचारलं, "दिलीप, तणाले काही औषध आहे काय रे?"

"हे ने," त्यानं अर्धी बाटली काढून देली. "सोयाबीनमधे मारतो आमी. पिकाले काहीच होत नाई, तण तेवढं जळते."

मी विचार केला. पीक वाचते, तण मरते. आमचं पीक म्हणजे लॉन. मग लॉन वाचेल, तण मरेल. सांगा, यात चुकलं कुठं? तुमालेही पटलं ना? मलेही पटलं होतं.

उघाड पाहून एका संध्याकाळी, हे यायच्या आधी, तोंडाले ओढणी बांधली, कुंड्यांचा फवारा घेतला अन् सगळं लॉन चांगलं ओलं करून काढलं. कोणाले काही बोलली नाई. मले वाटलं, तण मेलं की ह्यांले एकदम दाखवू.

सकाळी मी खिडकीत दात घासत उभी, तर शेजारचे आबाजी आमचं फाटक लावून चाललेले. मुठीत दुर्वा.

माझ्या हातातला ब्रश तिथंच थांबला.

आबाजी रोज सकाळी आमच्या लॉनमधून मूठभर दुर्वा नेते. लॉन म्हणजे साधी हरळीच, त्याच ह्या दुर्वा. त्यांची सून वंदना मिक्सरमधे त्याचा रस काढते अन् ग्लासभर त्याईले पाजते, अंगातली उष्णता जाते म्हणून. इतकं रोजचं झालं होतं की फवारताना माझ्या ध्यानातच आलं नाई.

"आबाजी, ओ आबाजी," मी तोंडातल्या फेसासकट आवाज देला. पण त्याईले ऐकू कमी येते. चूळ भरून पळाली तर अंगणातच त्यांच्या मिक्सरचा आवाज आला, अन् मी त्यांच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो बंद झाला होता.

आत गेली तर वंदनाच्या हातात रिकामा ग्लास.

"घेतला काय रस आबाजीनं?"

"हाव, आताच. काऊन काकू?"

तिथंच सांगून टाकायले पाहिजे होतं. पण म्हटलं, आधी आबाजीले पाहून घेऊ. समोर खुर्चीवर आबाजी पेपर घेऊन बसलेले, त्याईचं कोणत्या नातवाले भेटायचं राह्यलं असेल काय, असं माझ्या मनात येऊन राह्यलं होतं.

"आबाजी, पोटात कसं वाटून राह्यलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"बरं आहे. तुह्यं?"

मी जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यात पाह्यलं. त्याईनं जांभई देली. मी त्यांच्या कपाळाले हात लावला तर थंड वाटलं. मग समजलं, थंड माझाच हात होता.

वंदना घाबरली. "काकू, खरं सांगा. तुमाले आबाजीचं काही सपन-बिपन पडलं काय?"

तेवढ्यात आबाजीनं पेपर बाजूले ठेवला, पाय लांब केले अन् डोळे मिटले.

मग मात्र माझा बांध फुटला. "वंदना, ऑटो बोलाव. त्या दुर्वांवर म्या काल तणनाशक मारलं व माय."

पुढचं काय सांगू? वंदना एका हातानं सासऱ्याले ओढत, दुसऱ्यानं कपाळ बडवत. मी घरून बाटली आणली, छातीशी धरली. ऑटोत आबाजी मधे, आमी दोघी दोन बाजूनं रडून राह्यलो.

"कोण गेलं?" आबाजी विचारत. आमी आणखी रडलो.

डॉक्टरनं आबाजीले टेबलावर झोपवलं, नाडी पाह्यली अन् त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "किती रस प्यायलेत?"

"ग्लासभर," वंदना हुंदके देत बोलली.

आबाजीनं डॉक्टरले खुणेनं वाकवलं. त्याईले वाटलं आपण हळू बोलतो, पण ऐकू कमी येणाऱ्याचं हळू बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत गेलं. "सूनबाईले सांगू नका. मी पेत नाई तो. तिची पाठ वळली की खिडकीतून जास्वंदीले टाकतो."

वंदनाचं रडणं बंद. "अन् आज?" ती ओरडली.

"आज बी टाकला. त्याच्याशिवाय तू चहा देत नाई, मग काय करू?"

हसावं की रडावं काही समजेना. मी आबाजीचे पाय धरले, अन् त्या जास्वंदीले मनातल्या मनात हात जोडले.

डॉक्टर बाटली फिरवून वाचत होते. "आजोबा ठणठणीत आहेत. पण हे तुम्ही मारलं कशावर?"

"लॉनवर. तण होतं त्यात."

"बाई, सोयाबीन रुंद पानाचं असतं, म्हणून ते यातून वाचतं. हे औषध फक्त गवत मारतं."

"मग चांगलंच ना. लॉनले तर काही होणार नाई?"

डॉक्टरनं चष्मा काढला. "लॉन म्हणजे काय असतं, तुम्हीच सांगा."

"गवत," मी म्हटलं. "किती दिवस काढेल?"

"आठेक दिवसांत पिवळं पडेल."

संध्याकाळी हे आले. मी वंदनाले शपथ घातली होती, ह्यांले काही खबर नाई. चपला काढून लॉनवर गेले, मधोमध उभे राह्यले अन् मले हाक मारली, "अवं, पाह्य तरी. असं हिरवंगार कधीच नोतं झालं."

मी चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"अवो," मी म्हटलं, "आजच एक फोटो काढून ठेवा त्याचा."

"कायले?"

"मोठा करून भिंतीवर लावू. हार मी आणते."