पापलेटाची नाडी

कोलशेत गावात कुणी नवी वस्तू घेतली की ती आधी दामाजीच्या ओट्यावर जाई, मग घेणाऱ्याच्या घरी. दामाजी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस होता. तिथं वाफेचा दाब दाखवणारे काटे बनत. बाकीच्यांनी काटे बनवायचे आणि यानं त्यात खोट काढायची, पगार त्याचाच. ती सवय कारखान्याच्या फाटकाबाहेरही सुटली नाही. छत्री घ्यायची तर दुकानातच पाण्याची बादली मागवी. कुकर घेतला तेव्हा दुकानदाराच्या शेगडीवर भात शिजवला, तो खाल्ला, मग पैसे दिले. थोरल्या मुलीला स्थळ आलं तर नवऱ्या मुलाला खाडीत उलट्या भरतीला होडी वल्हवायला लावली. पोरगा बँकेतला, वल्हं धरायचं कधीच विसरलेला. बिचारा तळहातावर फोड घेऊन मांडवात उभा राहिला. पण संसार चांगला चाललाय, उगाच कशाला बोला.

त्याचा एक मंत्र होता, घरात सगळ्यांना पाठ झालेला. काटा रिकामा असताना शून्यावर बसला पाहिजे. काही नसताना जो आकडा बोलतो, तो काही असताना खरं काय सांगणार?

असा हा माणूस, आणि त्र्याण्णवच्या दिवाळीत खोट निघाली ती त्याच्याच छातीत. झटका हलका होता, निभावला. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की चालायला लागा, हळूहळू व्यायाम वाढवा, पण नाडी एकशेवीसच्या वर जाऊ द्यायची नाही. दामाजीनं चालण्याबद्दल विचारलं, जिन्याबद्दल विचारलं आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, पालखीबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, आकडा पाळा, मग काय करायचं ते करा.

खरा जीव अडकला होता तो पालखीत. चैत्रात गावदेवीची पालखी निघे, आणि ती नुसती चालत नसे, ढोलावर नाचे. तिचा पुढचा उजवा खांदा दामाजीच्या घराचा. आजा, बाप आणि मग तो. त्याच्या पाठीमागं लांबचा चुलतभाऊ भिवाजी. भिवाजीचं उभं आयुष्य दामाजीची मान बघण्यात गेलेलं. आजारपणात तो केळी घेऊन भेटायला आला, विचारपूस छातीची केली, पण नजर सगळा वेळ खांद्यावर. हे मनुबाईनं पाहिलं. दामाजीच्या बायकोनं पाहिलं म्हणजे ठाण्याच्या मासळीबाजारानं ऐकलं, हे वेगळं सांगायला नको.

मनुबाईनं अट घातली. नाडी मोजणारं खरं यंत्र मिळालं आणि त्यानं हो म्हटलं, तरच खांदा. बोटांनी मोजायची सोय नव्हती. एक हात दांड्याला, दुसरा मनगटावर, मग देवीला सावरायचं कुणी?

दामाजीच्या अंगात तपासनीस संचारला. नौपाड्यात व्यायामाचं सामान विकणारं एक दुकान होतं. तिथून त्यानं कानाच्या पाळीला चिमटा लावायचं यंत्र बोलीवर आणलं, पटलं तर ठेवायचं. चिमट्यातून बारीक उजेड पाळीच्या आरपार जाई आणि वायरीनं कमरेच्या डबीवर आकडा येई. दुसरं यंत्र बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्यानं, काळुरामनं, परदेशातून आणलेलं. छातीवर ओला करून बांधायचा पट्टा आणि मनगटी घड्याळ, मध्ये वायर नाही. गावातले म्हातारे ते बघायला येत. वायर नाही तर छातीतली गोष्ट मनगटाला कळते कशी, यावर ओट्यावर बराच खल झाला.

बसल्या जागी दोन्ही यंत्रं खरी निघाली. बोटानं मोजलं तोच आकडा दोघांचा. मग पालखीचा सराव. देवीच्या जागी मिठाचं पोतं, शेजारचा मोरू ढोलावर, दामाजी पुढच्या खांद्यावर, एका कानाला चिमटा, छातीवर पट्टा, एखादा रेडिओ दुरुस्तीला काढावा तसा. पोतं नाचायला लागलं. डबी म्हणाली एकशेचार. घड्याळ म्हणालं एकशेअठ्ठेचाळीस.

इथं दामाजीच्या आयुष्यात पूर्वी कधी न घडलेली गोष्ट घडली. दोन काट्यांत तफावत आली आणि त्यानं ती तपासली नाही. घामानं पट्टा सरकला असणार, त्यानं ठरवून टाकलं. खाडीची हवा, खारट अंग, परदेशी माल, इथं टिकायचा कसा. चिमटा बघा, एकशेचारच्या आगेमागेही हलला नाही. घरी येऊन त्यानं मनुबाईला हेच सांगितलं आणि आंघोळीला गेला. छाती मात्र आंघोळ संपेपर्यंत धडधडत होती, ते नाही सांगितलं.

मनुबाई त्याला ओळखून होती. छत्रीसाठी बादली मागणारा माणूस आज एका शब्दावर कसा खूश?

सकाळी ती बाजाराला निघायची तयारी करत होती. दामाजी चहा पीत होता, शेजारच्या अंगणात मोरू ढोलाचा हात बसवत होता. मनुबाईनं ओट्यावरची डबी उचलली, पाटीतलं एक पापलेट काढलं आणि त्याच्या पराला चिमटा लावला. दामाजीनं विचारलं हे काय, तर म्हणाली, रिकाम्यावर शून्याला बसतो का बघते.

डबीवर नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या. दामाजीनं समाधानानं चहाचा घोट घेतला. मेलेल्याला मेलेलं म्हणतं, आणखी काय पाहिजे?

"थांबा जरा," मनुबाई म्हणाली, आणि शेपटी धरून ते पापलेट मोरूच्या ढोलावर नाचवायला लागली. अशी की गल्लीतल्या बायका जमल्या. रेघा पुसल्या गेल्या. आकडा आला, थोडा डळमळला आणि एकशेचारवर बसला.

तिनं मोरूला हाक मारून ढोल सावकाश वाजवायला सांगितलं. पापलेट सावकाश नाचलं, आकडा नव्वदवर आला.

"अवो, ह्याला काल पहाटे जाळ्यातून काढलाय," ती म्हणाली. "तरी तुमच्यावानी ठणठणीत हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दामाजी उठला. आता रागावणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं तिच्या हातातून पापलेट घेतलं, स्वतः नाचवलं, थांबवलं, पुन्हा नाचवलं. डोळ्यांत तीच जुनी चमक, कारखान्यात खोट सापडली की येणारी. चिमटा काळजाचे ठोके मोजतच नव्हता, पाळी हलली की आरपार जाणारा उजेड हलायचा आणि तो ते हेलकावे मोजायचा. सरावात त्यानं मोजला होता तो मोरूचा ढोल. खोट सापडल्याचा आनंद ओसरला तसा दामाजी खाली बसला. घड्याळाचा एकशेअठ्ठेचाळीस आता एकटाच उरला होता.

"पट्टाच खरा," तो म्हणाला. एवढंच. चिमटा दुकानात परत गेला, मासळीचा वास येतो अशी दुकानदाराची तक्रार ऐकून घेऊन.

मग पट्टा बांधून त्यानं पालखीतलं एकेक काम तपासलं. मागचा खांदा, आकडा वर. ढोल, आणखी वर. देवीवर छत्री धरून चालणं, अठ्ठ्याण्णव. पुढचा उजवा खांदा त्यानं स्वतः जाऊन भिवाजीला दिला.

चैत्रात पालखी दामाजीच्या दारात थांबली. ढोल थांबला, पाय थांबले. मनुबाई ओवाळायला पुढं आली. भिवाजी दांड्याखाली असा उभा, जणू त्याच्या आजानंच तो दांडा तासला होता. छत्री धरलेल्या दामाजीनं सहज मनगटाकडं पाहिलं. एकशेसव्वीस. अंगावर वजन नाही, पायाला चाल नाही. त्यानं घड्याळावर बोटानं टकटक केलं. आकडा तोच.

मनुबाईनं ओवाळता ओवाळता ते बघितलं. "भिवाजीभावजींच्या खांद्याकडं बघू नका," ती हळूच म्हणाली. "देवीकडं बघा."

तो देवीकडं बघत राहिला. आकडा उतरत उतरत शंभराच्या आत आला. पण एकदा बघून खात्री मानील तर तो दामाजी कसला. त्यानं पुन्हा भिवाजीकडं पाहिलं, चढला. देवीकडं पाहिलं, उतरला. पुन्हा भिवाजी, पुन्हा देवी. पुजारी ओरडेपर्यंत त्याला कळलंच नाही की छत्री कधीची कलंडलीय आणि देवी भर उन्हात बसलीय.