पंखा मीच बदलला

दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीत, माझा कॉम्प्युटर होता. नव्वदीच्या दशकात वसाहतीत घरी कॉम्प्युटर असणारी बहुधा मी एकटीच. नोकरी मिळत नव्हती, आलेली स्थळं मी परत पाठवत होते, आणि फैजपूर-भुसावळकडचे प्राध्यापक आपले प्रबंध माझ्याकडून टाइप करून घेत होते. लोक काय म्हणायचे ते म्हणोत, माझं त्यावर बरं चाललं होतं.

एका उन्हाळ्यात मशीन किंचाळायला लागलं. मागून, जिथे विजेची वायर आत जाते तिथून, आधी नुसती घरघर आणि मग पत्र्यावर खडा घासल्यासारखा आवाज. शेजारच्या वीज केंद्रात कोळसा जळायचा, त्यामुळे वसाहतीत हवेत बारीक राख असायचीच. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात आणता येत नसत. तीच राख मशीनच्या आतल्या पंख्यात बसली असणार. आई म्हणायची, "बंद कर गं ते, डोकं उठलं." पण मला धास्ती आवाजाची नव्हती, तो थांबण्याची होती. पंखा अडकला की वीज पुरवणारी आतली पेटी तापून जळणार. आणि फैजपूरच्या एका बाईंचा अर्धा प्रबंध माझ्या मशीनमध्ये होता.

मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन मी बसने जळगावला गेले. दुकानदाराने चालू करून कान लावला.

"पॉवर सप्लाय अख्खा बदलावा लागेल. माल मुंबईहून येतो. ठेवून जा, बघू."

"नुसता पंखा नाही का बदलता येणार?"

"मॅडम, ती पेटी उघडायची नसते. बंद केली तरी आत करंट राहतो." मग आवाज मऊ करून म्हणाला, "असं करा, घरातल्या कोणा पुरुषाला पाठवा. त्यांना समजावून सांगतो."

करंट राहतो, हे त्याचं खरं होतं. माझं टाळकं सरकलं ते पुढच्या वाक्याने.

"मशीन माझं आहे. समजवायचं तर मला समजवा."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी डबा उचलला आणि तशीच रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. मागच्या जाळीतून पंख्यावरची चिठ्ठी वाचता येत होती: बारा व्होल्ट, डीसी. स्क्रूंमधलं अंतर पट्टीने मोजलं आणि त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा पंखा घेऊन घरी आले.

आबा, म्हणजे माझे वडील, वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन. मूळचे धुळ्याकडचे, राग आला की अहिराणीत शिरायचे. टेबलावर डबा, पंखा आणि स्क्रूड्रायव्हर बघून ते दारातच थांबले.

"हाई काय शे?"

"पंखा. मी बदलणार आहे."

"हात नको लावजो!" त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. "मना हात देख."

तो हात मी लहानपणापासून बघत होते. दोन बोटं भाजून आत वळलेली. इथल्या नोकरीच्या खूप आधी, तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे होते. खालून कोणीतरी ओरडलं, लाइन बंद आहे, आणि खांबावरच्या आबांनी विश्वास ठेवला.

"आबा, लाइन बंद होती का?"

"नव्हती."

"मग मी कोणाच्या सांगण्यावर हात लावणार नाही. स्वतः तपासीन. तुमचा व्होल्ट मोजायचा मीटर द्या. नाही दिलात तर भुसावळहून आणीन, पण हे काम मीच करणार."

आमच्या घरात आबांशी असं कोणी बोलत नसे. मी नजर खाली केली नाही. ते न जेवता निघून गेले. वायर मी भिंतीतून आणि डब्यातून, दोन्हीकडून काढून ठेवली होती. रात्रभर डबा तसाच राहिला.

सकाळी आबांनी मीटर टेबलावर ठेवला, डब्याची वायर उचलून स्वतःच्या खिशात घातली आणि खुर्ची ओढली. "मी बोलणार नाही," ते म्हणाले. "बसेन फक्त."

मी पेटी बाहेर काढून झाकण उघडलं. आत राखेचा थर. कडेला अंगठ्याएवढे दोन जाड कॅपॅसिटर. दुकानदार म्हणाला तो करंट यांच्यातच साठतो. झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात मी पाठीमागे घेतला, मीटरची एक तार चिमट्याने लावली आणि दुसरी टेकवणार...

"मीटर चालू शे का?" आबांना राहवलं नाही.

खरंच, मीटरच बिघडलेला असला तर शून्य दाखवून तो मला फसवणार. मी तो आधी बॅटरीच्या सेलवर लावून बघितला. काटा हलला. मग कॅपॅसिटरवर लावला, एकावर, मग दुसऱ्यावर. काटा शून्यावर बसून राहिला. तरीही कॅपॅसिटरच्या तारांना मी बोट लावलं नाही.

ब्रशने राख झाडली. जुन्या पंख्याच्या लाल-काळ्या तारा जोडायला पुरतील एवढ्या ठेवून कापल्या. नव्याची लाल लालला, काळी काळीला, कथलाचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी चढवली. हवा बाहेर फेकली जाईल असा पंखा बसवला, तारा पात्यांपासून दूर बांधल्या. पेटीचे सगळे स्क्रू घट्ट केले, ती जागेवर बसवली, आणि मगच हात पुढे केला. आबांनी खिशातून वायर काढून दिली.

बटण दाबलं. काहीच आवाज नाही. आई म्हणाली, "बिघडलं ना?"

मी तिचा हात मागच्या जाळीपाशी नेला. हवा येत होती. आबा उठले आणि काल रात्रीची भाकरी मागून जेवायला बसले.

फैजपूरच्या बाईंचा प्रबंध वेळेत गेला. मग त्यांच्या कॉलेजातली मशीनं माझ्याकडे येऊ लागली. एकदा वसाहतीतले एक साहेब मॉनिटर घेऊन आले. मी नाही म्हटलं. चित्राच्या नळीत विजेचा फार मोठा दाब असतो, आणि तो उतरवायला मी शिकले नव्हते.

"पंखा जमतो, मग हे का नाही? घाबरलात?"

"येत नाही म्हणून नाही म्हणतेय," मी म्हटलं. "आल्यावर उघडीन. तुम्ही म्हणता म्हणून नाही."

साहेब रागावून गेले. मी दार लावलं आणि पुढचं पान टाइप करायला बसले.