आखाजीसाठी लांब बाकाची गाडी

२७ एप्रिल १९९८. सकाळपासून मी गादी उसवत बसले होते. घरातली सगळ्यांत जाड गादी गाडीच्या मागच्या बाकाएवढी करायची होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली होती.

गाडी आठवड्यापूर्वीच घेतली होती. जुनी, लांब अंगाची, मागे समोरासमोर दोन बाक. मोठ्या दिरांच्या मनात छोटी, पांढरी, चकचकीत गाडी होती. ती बघायला गेलो तेव्हा मी टेप लावून आतली जागा मोजली. साड्यांना फॉल लावायचं माझं काम, टेप गळ्यातच असते. सासूबाई पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. तो पाय मी घरी आधीच मोजून ठेवला होता. छोट्या गाडीत बसवलं असतं तर दार लागलं नसतं. लांब गाडीत पाय पसरून शेजारी पाण्याची कळशी राहत होती. माझ्यापुरता विषय संपला.

मोठे दीर दारात येऊन उभे राहिले. "अगदी भाड्याची शटल दिसते. आपल्या उधन्याच्या नाक्यावर लोक हात करून चढतील."

आमच्यात सून जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, थेट बोलत नाही. मी पदर पुढे ओढला आणि सासूबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, चढू द्या. घाटात बंद पडली तर ढकलायला होतील."

सासूबाई हसल्या. दीर हसले नाहीत. "आणि आईला न्यायला मुऱ्हाळी कोण आलाय?"

आखाजीला लेकीला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. तो मुऱ्हाळी. तो आला नाही तर लेक आपणहून जात नाही, मग ती सत्तरीची का असेना. सासूबाईंचा भाऊ साक्रीजवळच्या गावात खाटेला खिळलेला. भाच्यांना सवड नाही. दर आखाजीला या बाई गाठोडं बांधायच्या आणि सण झाला की सोडायच्या. यंदा भावाचा निरोप आला होता, एकदा तोंड दाखवून जा. पुढची आखाजी त्याला दिसेल असं कुणीच म्हणत नव्हतं.

"मुऱ्हाळी उना नही, तं मी कशी जाऊ?" सासूबाई म्हणाल्या आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागल्या.

बाक मोजला, पाय मोजला, गादी मोजली. हे मोजायचं राहून गेलं होतं.

नवरा कारखान्यातल्या मागावरून जेवायला आला होता. तो म्हणाला, "दादा म्हणतात त्यातही..." मी त्याच्याकडे बघितलं. त्याने घास तोंडात घातला.

मी सुई गादीत खोचली, पदर मागे सारला आणि लग्नानंतर पहिल्यांदा जेठांकडे बघून बोलले. "दादा, मुऱ्हाळी मी."

"बाई कधी मुऱ्हाळी असते का?"

"साड्यांचा टेम्पो बाजारात नेते तेव्हा तर तुम्हाला बाई दिसत नाही. भावाला उठता येत नाही. त्याच्या वतीने मी नेणार, गाडीही मीच चालवणार."

"गाव हसेल."

"हसू द्या. हसणाऱ्यांनी इतक्या वर्षांत एक माणूस तरी धाडला का?"

ते चपला घालून निघून गेले. मी गादी शिवून पुरी केली. सासूबाईंचं सोडलेलं गाठोडं तसंच पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून मागच्या दाराने बाहेर पडले, चाळीला वळसा घातला आणि आमच्याच पुढच्या दाराची कडी वाजवली. शेजारणी बघायला लागल्या. बघू देत.

सासूबाईंनी भिंतीला धरत येऊन दार उघडलं.

"आत्या," मी त्यांची भाची होऊन म्हटलं, "तुमच्या माहेराहून आलेय. तुम्हाला न्यायला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आत वळल्या आणि मुऱ्हाळ्याला द्यायचा असतो तसा पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. मी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच पाणी प्यायले. गाठोडं त्यांनी पुन्हा बांधून ठेवलं होतं. ते उचललं, त्यांना बाकावर पाय पसरून बसवलं आणि गाडी साक्रीकडे, नवापूरच्या रस्त्याला लावली.